मुक्काम पोस्ट मार्केट

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. चाकांवरचं घर घेऊन हिंडावं आणि जिथे हॉटेल नाही तिथे मुक्काम ठोकावा, अशी त्यामागची कल्पना. गाडीत पलंग, ओटा, संडास असावा. गाडी उभी करायला कॅरव्हॅन पार्क असावेत. तिथे पाणी, वीज आणि मुख्य म्हणजे जायला रस्ता असावा. धोरण चांगलंच आहे. फक्त ते लिहिणाऱ्यांपैकी कुणी कांद्याच्या हंगामात निफाड तालुक्यातल्या एखाद्या बाजार समितीत रात्री अकराला चक्कर मारली असती, तर सरकारची बरीच शाई वाचली असती. चाकांवरची घरं तिथे शिस्तीत रांगेने उभी असतात. त्यांत पहिला मान कांद्याचा. पलंग त्याचा. माणसाने उरलेल्या जागेत आपली सोय बघायची.

माझं तिकडे लक्ष गेलं ते आमच्या साडूंमुळे. साडू मूळचे पुण्याचे आणि हल्ली न्यू जर्सीचे, म्हणजे दोन्हीकडचा अभिमान एकाच माणसात भरलेला. तिकडे त्यांनी एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर घेतलाय. मोटारीमागे जोडायचा आणि निघायचं. आत दोन माणसांची गादी, मूठभर बेसिन आणि भिंतीत घडी होऊन जाणारं टेबल. तो ट्रेलर घेऊन त्यांनी अर्धी अमेरिका पालथी घातली. पण नाशिकला आले की ग्रँड कॅन्यनचं नाव नाही, नायगाऱ्याचं नाही. ते बोलतात वॉलमार्टच्या पार्किंगबद्दल.

वॉलमार्ट म्हणजे तिकडची अवाढव्य दुकानं. हजारो शाखा, आणि प्रत्येकीपुढे गावजत्रा भरेल एवढं पार्किंग. त्यातल्या बऱ्याच दुकानांत रात्री ट्रेलर लावून झोपू देतात. "फुकट!" साडू सांगत होते, "एक डॉलर नाही!" पुण्याच्या माणसाला अमेरिका नेमकी कुठे भावली, ते मला त्या क्षणी समजलं.

त्या झोपण्याचेही नियम आहेत, आणि साडू ते सत्यनारायणाच्या पूजेचे सांगावेत तसे सांगतात. आधी दुकानाच्या मॅनेजरला विचारायचं, कारण सगळीकडे परवानगी नसते. काही गावांचे कायदेच आड येतात. हो म्हणाला की लांबचा कोपरा धरायचा, गिऱ्हाइकांना अडचण नको. बाहेर खुर्च्या मांडायच्या नाहीत, शेगडी पेटवायची नाही, ट्रेलरचं छत ताणायचं नाही. एक रात्र काढायची, फार लाडात यायचं नाही. आणि सकाळी निघण्याआधी दुकानात शिरून काहीतरी घ्यायचं. सक्ती नाही, पण रीत आहे.

"तुमच्याकडे हे शक्य नाही," त्यांनी समारोप केला. अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याचं कुठलंही वाक्य 'तुमच्याकडे'ने सुरू झालं की यजमानाने दुसरा चहा टाकायला उठावं. मी मात्र बसून राहिलो, कारण शहरापुरतं त्यांचं खरं होतं.

नाशिक शहरात मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये झोपायचं तर लांबच, नुसतं बसताही येत नाही. बायको आत 'पाच मिनिटांत येते' म्हणून गेलेली असते आणि आपण गाडीत डोळे मिटून पडलेले असतो, एवढ्यात काचेवर टकटक होते. साडूंना खात्री पटवायची म्हणून एका रात्री आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो आणि वॉचमनला थेट विचारलं, की गाडी रात्रभर इथे लावून आत झोपलं तर चालेल का?

वॉचमनने गाडीला एक चक्कर मारली. मग आम्हा दोघांकडे बघितलं. "घरी भांडण झालं का?"

साडूंनी त्याला अमेरिकेतली पद्धत सविस्तर समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "साहेब, गाडी ठेवायची तर मी सकाळपर्यंत बघतो. माणूस नाही ठेवता येणार."

परतताना माझ्या लक्षात आलं, की त्या पार्किंगमध्ये रात्रभर झोपण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे आणि तो खुर्चीत बसून, पगार घेऊन, तो अधिकार बजावत असतो.

पण शहर सोडलं की चित्र बदलतं. नाशिक जिल्हा हा मुळात गाडीत, गाडीवर आणि गाडीखाली झोपणाऱ्यांचा जिल्हा आहे. चैत्रात सप्तशृंगीला खान्देशातून लोक पायी येतात, त्यांच्यासोबत एखादा टेम्पो असतो. त्यात भांडी, अंथरुणं आणि पायाला फोड आलेले भक्त असतात. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीला पायथ्याशीच अडवतात, वर फक्त एसटी. मग पायथ्याशी सतरंज्या पडतात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी दिंड्या येतात. त्यांतल्या मालट्रकात अख्खा संसार असतो, फक्त त्याला कुणी कॅरव्हॅन म्हणत नाही. २०१५ च्या सिंहस्थात शहराबाहेर वाहनतळांचीच गावं वसली होती. आता २०२६-२७ चा सिंहस्थ आलाय, तेव्हा बारा वर्षांतून एकदा का होईना, पार्किंग ही नाशिककरांच्या बोलण्यातली सर्वांत पवित्र जागा ठरते. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ट्रक ड्रायव्हरांबद्दल तर बोलायलाच नको. ढाब्याचं अंगण हेच त्यांचं गाव. २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला, तेव्हा या मंडळींच्या बेडरूमची दखल पहिल्यांदा दिल्लीत घेतली गेली.

तरीही या सगळ्यांत साडूंच्या व्याख्येत चपखल बसतील असे कोण? दुकानाचं आवार हवं, मागे जोडलेली छोटी गाडी हवी, रात्रीचा मुक्काम हवा आणि सकाळी दुकान उघडल्यावर व्यवहार हवा. असे माझ्या माहितीत एकच होते. माझे मामा.

मामा निफाड तालुक्यातले. जानेवारी होता, लाल कांदा जोरात निघत होता. फोन केला तर मामी म्हणाल्या, "आज मार्केटला मुक्कामी चाललेत." मी साडूंना म्हटलं, चला, आमच्याकडचं वॉलमार्ट दाखवतो.

मार्केट कुठलं ते सांगत नाही. जिल्ह्यात त्यांची टंचाई नाही. लासलगावची बाजार समिती तर १९४७ सालची, स्वातंत्र्याच्या बरोबरीची. शिवाय पिंपळगाव बसवंत, विंचूर, येवला, चांदवड, उमराणे. लाल कांद्याची आवक वाढली की यांतल्या कुठल्याही आवारात रात्री डोकावा, देखावा एकच. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीमागे ट्रॅक्टर, मध्ये मध्ये पिकअप, आणि रांगेचं शेपूट गेटाबाहेर रस्त्यावर.

साडूंचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता. लिलाव सकाळी नऊच्या सुमाराला, गाव आठ-दहा किलोमीटरवर, मग रात्रीच कशाला यायचं?

"नंबर," मामा म्हणाले.

पुढचं मी समजावलं. आपल्याकडे कांदा आधी उतरवून ढीग मांडत नाहीत. तो ट्रॉलीतच राहतो आणि व्यापारी रांगेतून एकेका गाडीपाशी येतात. जो पुढे त्याचा लिलाव आधी, काटा आधी, माल आधी खाली, घर आधी. मागे राहिला त्याचा नंबर दुपारच्या सत्रात गेला तर गेला, आणि तोवर आवक फार झाली असं ठरलं तर भावही खाली आलेला. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने वाट बघतो. लाल कांद्याला तेवढी सवड नाही. त्यामुळे इथला मुक्काम हौसेचा नाही. रात्र जागेसाठी मोजावी लागते.

साडूंनी ट्रॉलीची पाहणी सुरू केली. ट्रेलरच्या दुनियेत एक प्रश्न हमखास विचारतात, तो त्यांनी विचारला, "यात किती जण झोपू शकतात?"

"तीस क्विंटल," मामा म्हणाले.

झोपण्याच्या व्यवस्थेत इथे वर्ग असतात. सर्वांत वरचा वर्ग पिकअपवाल्यांचा. त्यांना केबिन असते, काच वर होते, सीट मागे पडते. ते इतरांशी फार बोलत नाहीत. मधला वर्ग ट्रॉलीखाली झोपतो. खाली गोणपाट, वर गोधडी, डोक्यावर छप्पर म्हणून स्वतःचाच माल. पाऊस आला तरी कोरडे, फक्त रात्री दचकून उठायचं नाही, कपाळ आसावर आपटतं. आणि तिसरा वर्ग कांद्यावर झोपणाऱ्यांचा. ताडपत्री ओढायची, वर गोधडी टाकायची आणि आडवं व्हायचं. पाठीच्या दवाखान्यात हल्ली कठीण गादी वापरा म्हणतात. त्या डॉक्टरांनी हा माल बघितलेला नाही. निवडक कांद्यावर पाठ लावली तर प्रत्येक मणका आपापल्या कांद्यावर बसतो. गोल्टी, म्हणजे बारका कांदा, असेल तर मात्र ती रात्रभर इकडून तिकडे सरकत राहते आणि पहाटेपर्यंत आपण खड्ड्यात पोचतो. साडूंना पाहुणे म्हणून निवडक कांद्याची जागा मिळाली.

एसीची सोय निफाड तालुक्यात निसर्गानेच केलेली आहे. राज्यातलं सर्वांत कमी तापमान म्हणून वर्तमानपत्रात जे छापून येतं, ते बऱ्याचदा इथलंच असतं. कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथे त्याची नोंद होते. २०१८ च्या डिसेंबरअखेर तर पारा १.८ अंशावर गेला होता. साडू न्यू जर्सीच्या बर्फातून आलेले, त्यांनी आधी हसून घेतलं. तिकडची थंडी खिडकीतून बघायची असते, इकडची अंगावर घ्यायची, हे त्यांना रात्री साडेबारापर्यंत उमगलं. मामांनी न बोलता स्वतःची कानटोपी काढून त्यांच्या डोक्यात घातली.

"स्वच्छतागृह?" साडूंनी हळूच विचारलं.

कॅरव्हॅन धोरणात याबद्दल तरतूद आहे. इथे दिशा आहे. मामांनी हात लांब करून ती दाखवली आणि टॉर्च दिला.

जेवणाला मामींचा डबा होता. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. साडूंनी तोंडी लावायला कच्चा कांदा मागितला आणि ट्रॉलीकडे हात केला. मामा घाईघाईने म्हणाले, "थांबा, त्यातला नको, वरचा थर हालेल." आणि डब्यातला काढून दिला. वरचा थर हा ट्रॉलीचा चेहरा असतो. तो घरून पुसूनपासून आणलेला असतो. लिलाव होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गेटाबाहेरच्या टपरीवर कांदाभजी मिळत होती. एका प्लेटचा दर ऐकून रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हिशेब केला, की किलोभर कांदा विकून भज्यांची एक प्लेट येत नाही. "म्हंजे तेल लई महाग," ते समजूतदारपणे म्हणाले.

वॉलमार्टला शेगडी पेटवायची बंदी. इथे शेकोटीवाचून माणूस सकाळ बघणार नाही. शेकोटी पेटली की गोष्टी आल्याच. साडू म्हणाले, तिकडे कॅम्पफायरभोवती भुताच्या गोष्टी सांगतात. इथे निर्यातीच्या सांगतात. घाबरवण्याची ताकद सारखीच, आणि ही भुतंही अवेळीच येतात.

"ऑगस्ट २०२३," एकाने सुरुवात केली. "चाळीत उन्हाळ कांदा, भाव जरा वर चाललेला. अन् आलं, चाळीस टक्के निर्यातशुल्क. वार शनिवार." बाकीचे गप्प. आमच्याकडे अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, म्हणजे अमावास्या सांभाळता येते. शनिवारचं काय करणार?

दुसऱ्याने डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी सांगितली. संध्याकाळी झोपताना होता तो भाव सकाळी नव्हता. बंदी उठली मे २०२४ मध्ये, पण जाताना शुल्क मागे ठेवून गेली. मग सप्टेंबरात ते वीस टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. तारखा अशा तोंडपाठ, की साडूंना वाटलं इथे कुणीतरी स्पर्धा परीक्षेला बसलंय.

मग निघाली २०१८ ची गोष्ट. ती प्रत्येक शेकोटीला निघते. निफाड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकला, किलोला सुमारे एक रुपया चाळीस पैशांप्रमाणे पैसे आले १०६४. त्यांनी ते थेट पंतप्रधान कार्यालयाला मनीऑर्डरने पाठवून दिले. देशभर बातमी झाली. पण मामांना त्यातला कळवळा भलत्याच ठिकाणी येतो. "मनीऑर्डरीला चोपन्न रुपये वरून गेले," ते दर वेळी म्हणतात, "त्या माणसानं तेवढे तरी कापून घ्यायला पाहिजे होते."

रात्री दोनला आवार शांत झालं. साडू कांद्यावर आडवे झाले. खाली एक ट्रॅक्टरवाला घोरत होता, पिकअपमध्ये मोबाइलवर तमाशातली बतावणी लागली होती, आणि कांद्याचा तो दमट, गोडसर वास नाकात बसला होता. माल राखायला कुणीतरी जागं राहायचं असतं, पण खरं सांगायचं तर तीस क्विंटल कांदा घेऊन पळणारा चोर अजून जन्माला यायचाय. भीती वेगळीच असते. आपण झोपलो आणि पुढची गाडी सरकली, तर मागचा मध्ये घुसेल. त्यामुळे इथला माणूस एक डोळा मिटून आणि एक पाय क्लचवर ठेवून झोपतो.

सकाळी सगळ्यांनी एकाच नळावर तोंडं धुतली. दुकान उघडायच्या वेळी वॉलमार्टच्या पार्किंगमधला माणूस आळस देतो. इथला माणूस सदरा बदलतो. नऊच्या पुढे पहिल्या गाडीपाशी गर्दी झाली. बाजार समितीचा माणूस पुकारा करणारा, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि घोळक्याभोवती आपापली ट्रॉली सोडून आलेले शेतकरी. कारण पहिल्या गाडीच्या भावावरून दिवसाचं भविष्य कळतं.

घोळका आमच्या ट्रॉलीपाशी आला. एकाने हात घालून कांदा काढला, दाबला, बघितला, टाकला. दुसऱ्याने तोच कांदा पुन्हा उचलला. चार आकडे हवेत गेले, पाचवा गेला नाही, पावती मामांच्या हातात आली आणि घोळका पुढे सरकला. साडूंनी तोवर मोबाइल काढला होता, पण कॅमेरा सुरू व्हायच्या आत सगळं आटोपलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"याच्यासाठी रात्रभर?"

मामा पावतीकडे बघत होते. मनात धरलेल्या भावापेक्षा क्विंटलमागे दोनशे रुपये कमी. ते काही बोलले नाहीत. ट्रॅक्टरला चावी मारली.

पुढचं काम मात्र लांबलचक. भुईकाट्यावर भरलेल्या ट्रॉलीचं वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायचा, मग रिकाम्या ट्रॉलीचं वजन. खळ्यावर खरी परीक्षा असते. वरचा थर आणि खालचा माल जुळला नाही तर वांधा निघतो, म्हणजे ठरलेला भाव पुन्हा उकरायचा. या वांध्यांसाठी बाजार समित्यांत चक्क वांधा समिती असते. लग्नं ठरवताना अशी समिती का नसते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. मामांचा माल वर जसा तसाच खाली निघाला, वांधा झाला नाही. मग हिशेबपट्टी आली. मामांनी तीत डोळ्यांनी वजाबाकी केली. डिझेल, मजुरी, रोप, खत, आणि आमच्यामुळे दोन जास्तीचे चहा.

परतताना ट्रॉली रिकामी, त्यामुळे ती प्रत्येक खड्ड्याची वेगळी नोंद घेत होती. साडू ट्रॉलीत उभे राहून, ओरडून, वॉलमार्ट समजावून सांगत होते. दुकान फुकट राहू देतं ते धर्मादाय नव्हे, तो धंदा आहे. माणूस रात्री राहिला की सकाळी आत शिरतो. दूध घेतो, पाव घेतो, एक चादर घेतो. हॉटेलचे वाचले म्हणून खूश होऊन दुप्पट खर्च करतो.

मामांनी ट्रॅक्टर हळू केला आणि मागे वळून विचारलं, "म्हंजे पाहुणे, दुकानवाला तुम्हाला फुकट झोपू देतो, अन् सकाळी तुम्हीच त्याला पैशे देऊन निघता?"

"हो, तसंच म्हणा."

"मग आपल्यासारखंच हाये की."

साडू काहीतरी उत्तर शोधत होते, तेवढ्यात मामांच्या खिशात फोन वाजला. मामी होत्या. ट्रॅक्टरच्या आवाजातही त्यांचा प्रश्न आम्हाला स्पष्ट ऐकू आला, "अहो, काय भाव गेला?"

मामांनी फोन कानापासून जरा लांब धरला. "पाहुण्यांची झोप चांगली झाली," ते म्हणाले.